भाजलेल्या गोश्ताचा पोषण-हिशेब : आकडा कोणत्या मालाचा?

मुंबईच्या भेंडी बाजारात दिवेलागणीला शिगड्या पेटतात आणि निखाऱ्यावरच्या सीखेचा वास रस्ताभर पसरतो. तिथल्याच एका कबाबवाल्या चाचांच्या दुकानासमोर काही दिवसांपूर्वी आम्ही उभे होतो. शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणारा एक तरुण कारागीर हातात डॉक्टरांचा कागद घेऊन आला. प्रथिने वाढवा, चरबी कमी करा, असे त्याला सांगितले गेले होते. त्याने विचारले, "चाचा, यात प्रथिने किती?" चाचांनी भिंतीवर चिकटवलेल्या इंग्रजी मासिकाच्या कात्रणाकडे बोट केले. त्यावर भाजलेल्या बीफचे चित्र होते आणि खाली लिहिले होते : शंभर ग्रॅममध्ये २९ ग्रॅम प्रथिने.

आम्ही चाचांना विचारले, "हे कोणत्या जनावराचे?" चाचा हसले. म्हणाले, "ते त्यांचं. आपल्याकडे तर म्हैसच."

या एका उत्तरातच या लेखाचा विषय आला. कबाब, टिक्का, पसंदे विकणारे आमचे कुरेशी व मुलाणी बांधव, खानावळवाले आणि रमजानात महिनाभरासाठी गाडी लावणारे छोटे व्यावसायिक यांना आता गिऱ्हाईक असले प्रश्न विचारू लागले आहे. व्यायामशाळेत जाणारी मुले विचारतात, मधुमेहाचे रुग्ण विचारतात, घरातल्या सुना विचारतात. उत्तर द्यायला आपल्याकडे परदेशी मालाचा आकडा असतो, आणि तो आपल्या मालाला लागू पडत नाही. मालाची पूर्ण माहिती असलेला दुकानदार भावात फसत नाही आणि गिऱ्हाइकालाही फसवत नाही. म्हणून भाजलेल्या गोश्ताचा पोषणाच्या व धंद्याच्या अशा दोन्ही बाजूंनी हिशेब येथे मांडत आहोत.

नाव एक, माल तीन

पाश्चात्त्य पुस्तकांत ‘रोस्ट बीफ’ म्हणजे गाय-बैलांच्या वर्गातल्या, बहुतेक वेळा मांसासाठीच धान्य खाऊ घालून वाढवलेल्या जनावराचे मांस. अशा जनावराच्या मांसात धाग्याधाग्यांमध्ये चरबी साठते. त्यातही तुकडा कुठला यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत बरगडीचा चरबीसह भाजलेला तुकडा पाहिला, तर शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास उष्मांक (कॅलरी) आणि ३० ग्रॅमच्या आसपास चरबी दिसते. राणेचा, चरबी काढून भाजलेला तुकडा पाहिला, तर उष्मांक १७० च्या आसपास, चरबी पाच ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने २९ ग्रॅमपर्यंत. चाचांच्या भिंतीवरचा आकडा या दुसऱ्या प्रकारच्या तुकड्याचा होता.

त्याच तक्त्यांत म्हशीच्या मांसाची स्वतंत्र नोंद आहे. चरबी काढून भाजलेल्या म्हशीच्या शंभर ग्रॅम मांसात १३१ उष्मांक, सुमारे २७ ग्रॅम प्रथिने, दोन ग्रॅमहून कमी चरबी, ६१ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि दोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह आहे. म्हणजे प्रथिने इंग्रजी कात्रणापेक्षा किंचित कमी. पण चरबी निम्म्याहूनही कमी. चाचांचा माल कात्रणातल्या मालापेक्षा हलका होता आणि हे खुद्द चाचांनाच ठाऊक नव्हते!

महाराष्ट्रापुरते पाहता हा फरक कायद्याचाही आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने राज्यात गाईच्या कत्तलीवर बंदी आली. त्याच कायद्याची १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१५ मध्ये अमलात आली आणि वळू व बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आली. तेव्हापासून राज्यातील कत्तलखान्यांतून कायदेशीरपणे मिळणारे बड्याचे गोश्त म्हणजे म्हशीचे व रेड्याचे. देशातून निर्यात होणारा मालही म्हशीवर्गीय जनावराचाच असतो. गोवंशाचे मांस निर्यात करण्यास मनाई आहे. तरीही कित्येक दुकानांच्या पाट्यांवर आणि खानावळींच्या यादीत जुन्या सवयीने ‘बीफ’ हाच शब्द राहिला आहे. हा शब्द कायद्याच्या दृष्टीने गैरसमज वाढवतो आणि पोषणाच्या दृष्टीने आपल्याच मालाची किंमत कमी करतो. पाटीवर सरळ ‘म्हशीचे मांस’ लिहावे आणि कत्तलखान्याच्या शिक्क्याचा माल घेऊन त्याची पावती दुकानात जपून ठेवावी, असा आमचा सल्ला आहे.

कच्चा माल : हैदराबादचा तक्ता

आपल्या देशातील अन्नपदार्थांचे पृथक्करण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेले आहे. डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांचे तक्ते १९७१ पासून आहारतज्ज्ञांच्या टेबलावर आहेत. त्यानुसार कच्च्या म्हशीच्या शंभर ग्रॅम मांसात ८६ उष्मांक, १९.४ ग्रॅम प्रथिने आणि ०.९ ग्रॅम चरबी. बकऱ्याच्या मांसात ११८ उष्मांक, २१.४ ग्रॅम प्रथिने, ३.६ ग्रॅम चरबी. मेंढीच्या मांसात १९४ उष्मांक, १८.५ ग्रॅम प्रथिने आणि १३.३ ग्रॅम चरबी.

तिन्हींत प्रथिने जवळजवळ सारखी आहेत, खरा फरक चरबीचा आहे. "बड्याचे गोश्त जड, बकऱ्याचे हलके" असे आपल्याकडे म्हटले जाते. चरबीचा विचार केला तर तक्ता उलट सांगतो. मग जड का वाटते? कारण आपल्या बाजारात येणारे जनावर पुष्कळदा वयस्क असते. वय वाढले की मांसातील जोडणारे धागे घट्ट होतात, चावायला वेळ लागतो आणि कच्चे राहिले तर पोटाला त्रास होतो. हा दोष शिजवण्याचा आहे, मांसातल्या पोषणाचा नाही.

माल ओळखण्याची एक जुनी खूण येथे सांगण्यासारखी आहे. म्हशीचे मांस गडद असते आणि तिची चरबी पांढरी असते. म्हैस चाऱ्यातील पिवळ्या रंगद्रव्याचे जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर करते, म्हणून चरबीत किंवा दुधात पिवळेपणा उतरत नाही. गाईच्या लोण्याचा पिवळा आणि म्हशीच्या लोण्याचा पांढरा रंग ज्या कारणाने, त्याच कारणाने चरबीचाही.

निखाऱ्यावर नेमके काय होते?

आता मुख्य हिशेब. कच्च्या मांसात १९-२० ग्रॅम असलेली प्रथिने भाजल्यावर २७ ग्रॅम कशी होतात? आगीने प्रथिने वाढतात का? अजिबात नाही. जाते ते पाणी.

अमेरिकन तक्त्यातील म्हशीच्या कच्च्या आणि भाजलेल्या मांसाचे आकडे आम्ही शेजारी शेजारी मांडून पाहिले. कच्च्या शंभर ग्रॅममध्ये पाणी ७६.३ ग्रॅम व प्रथिने २०.४ ग्रॅम. भाजलेल्या शंभर ग्रॅममध्ये पाणी ६८.८ ग्रॅम व प्रथिने २६.८ ग्रॅम. यावरून उलटा हिशेब करा. एक किलो कच्च्या मांसात प्रथिने २०४ ग्रॅम. तेवढीच प्रथिने भाजलेल्या ७६० ग्रॅम मांसात मावतात. म्हणजे किलोचे ७६० ग्रॅम झाले, २४० ग्रॅम घटले. कच्च्या किलोत पाणी ७६३ ग्रॅम होते. भाजलेल्या ७६० ग्रॅममध्ये ते ५२३ ग्रॅम उरले. फरक बरोबर २४० ग्रॅम! घटलेले सारे वजन पाण्याचेच निघाले. लोहाचा हिशेबही तसाच जुळतो : किलोभर कच्च्या मांसात सुमारे १६ मिलिग्रॅम, भाजलेल्या ७६० ग्रॅममध्येही सुमारे १६ मिलिग्रॅम.

साध्या भाषेत सांगायचे तर भाजणे म्हणजे मालाचे पाणी काढून तो घट्ट करणे. डाळीच्या बाबतीत याच्या उलट होते. कोरड्या मसुरीत शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने असतात, जवळजवळ भाजलेल्या गोश्ताइतकी. पण शिजताना डाळ पाणी पिते आणि वाटीत येईपर्यंत शंभर ग्रॅममध्ये आठ-नऊ ग्रॅमच प्रथिने उरतात. म्हणून कुठलाही आकडा ऐकला की पहिला प्रश्न हा : कच्च्याचा की तयार मालाचा?

उष्णतेने काही नुकसानही होते. ब-१ हे जीवनसत्त्व आगीला नाजूक असते, त्याचा काही भाग जातो. ब-१२ बऱ्याच प्रमाणात टिकते. मांसातून गळणाऱ्या रसाबरोबर थोडी जीवनसत्त्वे व क्षार निखाऱ्यांत पडतात. निहारी किंवा बारा हंडीत हाच रस रश्श्यात राहतो आणि गिऱ्हाइकाच्या पोटात जातो. त्या बाबतीत हंडी सीखेला भारी ठरते.

कच्ची पपई लावल्याने पोषण वाढते, असेही काही जण सांगतात. पपईच्या चिकात प्रथिने तोडणारा पाचक रस असतो. त्याने घट्ट धागे तुटतात व मांस मऊ होते. प्रथिने त्यामुळे वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. मात्र पपई लावून माल फार वेळ ठेवला तर पिठासारखा होतो आणि सीखेवरून गळतो, हे प्रत्येक कबाबवाल्याला अनुभवाने ठाऊक असते.

वजनातली घट आणि गल्ल्यातली घट

आता धंद्याचा हिशेब. सोयीसाठी कच्चे बिनहाडाचे गोश्त ३०० रुपये किलो धरू. आपल्या गावचा भाव त्या जागी मांडावा. कच्चे शंभर ग्रॅम ३० रुपयांना पडले. पण गिऱ्हाइकाच्या पानात जाणारे शंभर ग्रॅम भाजलेले असतात. किलोचे ७६० ग्रॅम उरले तर भाजलेले शंभर ग्रॅम साडेएकोणचाळीस रुपयांना पडतात. निखाऱ्यावर लहान बोटी किंवा पातळ सीख याहूनही जास्त आटते. किलोचे ७०० ग्रॅम उरले तर तेच शंभर ग्रॅम जवळजवळ ४३ रुपयांना. कोळसा, मसाला, भाडे आणि मजुरी वेगळीच.

जो दुकानदार कच्च्याच्या भावाने पानाची किंमत ठरवतो तो दर शंभर ग्रॅममागे दहा ते तेरा रुपये निखाऱ्यांत घालतो. महिन्याअखेरीस "विक्री जोरात, पण बरकत नाही" अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण येथे असते. मग तूट भरून काढण्यासाठी खिम्यात पीठ वाढते, चरबी वाढते, नाहीतर सीख बारीक होते. गिऱ्हाईक काही बोलत नाही, फक्त पुढच्या दुकानात जाते.

उपाय सोपा आहे. एक दिवस तराजू शिगडीजवळ ठेवावा. मसाला लावण्याआधी गोश्ताचे वजन लिहावे, सीखेवर चढवताना तयार मिश्रणाचे वजन लिहावे आणि उतरवल्यावर तयार मालाचे वजन लिहावे. बोटी, टिक्का आणि सीख-कबाब यांची वजने वेगवेगळी घ्यावीत. तीन-चार दिवसांची सरासरी काढली की आपल्या आगीवर, आपल्या हाताने किती घट येते ते कळते. भेंडी बाजारच्या चाचांनी आमच्या सांगण्यावरून हे केले. त्यांचा आकडा ही त्यांची व्यापारी गोष्ट आहे, म्हणून येथे छापत नाही. पण त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात पानाचा भाव नव्याने ठरवला, एवढे सांगायला हरकत नाही.

आपण त्यात काय घालतो?

वर दिलेला १३१ उष्मांकांचा आकडा चरबी काढलेल्या, नुसत्या भाजलेल्या मांसाचा आहे. सीख-कबाब म्हणजे नुसते मांस नव्हे. म्हशीच्या खिम्यात चरबी इतकी कमी की नुसता खिमा भाजला तर कबाब कोरडा पडतो. म्हणून कारागीर त्यात वेगळी चरबी मिसळतो. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण हिशेब बदलतो.

एक किलो साफ खिम्यात सुमारे हजार उष्मांक असतात. त्यात दीडशे ग्रॅम चरबी घातली आणि तिच्यात शुद्ध स्निग्धांश फक्त शंभर ग्रॅम धरला, तरी ९०० उष्मांक वाढले. म्हणजे जवळजवळ दुप्पट! यातली काही चरबी गळून जाते, सगळी नाही. वरून तूप किंवा तेल फासले तर दर पाच ग्रॅममागे आणखी ४५ उष्मांक. मिठाचेही तसेच. किलोला १५ ग्रॅम मीठ घातले तर तयार शंभर ग्रॅम कबाबात सुमारे दोन ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने दोन पाने कबाब खाल्ले तर त्याचा दिवसाचा कोटा तिथेच संपत येतो.

म्हणून डॉक्टरांचा कागद घेऊन आलेल्या त्या शिंपी तरुणाला खरे उत्तर असे होते : "भाई, तुझ्यासाठी सीख-कबाब नको, बोटी घे. राणेची आहे, वरून तूप लावत नाही." आम्ही चाचांना हे सुचवले. आता ते गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "परहेज आहे का?" विक्री त्याने कमी झाली नाही.

गरज किती, मिळते किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत, ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. भाजलेल्या म्हशीच्या शंभर ग्रॅम मांसात २७ ग्रॅम मिळतात, म्हणजे पुरुषाच्या दिवसाच्या गरजेच्या बरोबर निम्मी. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार एका पानात अर्ध्या दिवसाची प्रथिने घेतो. उरलेली डाळ, रोटी, दूध, अंडी यांतून सहज येतात. तीन-तीन पाने खाऊन ताकद तिप्पट होत नाही.

लोहाचा हिशेब मात्र वेगळा आहे. "कबाब खा, रक्त वाढेल" असे आपल्याकडे सर्रास सांगतात. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. शंभर ग्रॅम भाजलेल्या गोश्तात ते दोन मिलिग्रॅमच्या थोडे वर. आकडा लहान दिसतो, पण मांसातील लोहाचा मोठा भाग शरीर सहज शोषून घेते. पालेभाज्या व डाळींतील लोह तितके शोषले जात नाही. शिवाय मांस सोबत असले की डाळ-रोटीतील लोहही अधिक शोषले जाते. कबाबावर लिंबू पिळण्याची आपली रीत येथे उपयोगी पडते, कारण लिंबातील क जीवनसत्त्व हेच काम करते. उलट कबाबानंतर लगेच घेतलेला कडक चहा डाळ-रोटीतील लोह अडवतो. चहा तासाभराने घ्यावा. चहाच्या दुकानदार बांधवांनी आमच्यावर रागावू नये!

येथे एक गोष्ट घरोघरच्या पुरुषांसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची गरज तिला जास्त, आणि शिगडीसमोर रात्री उभे राहून खाणारे बहुतेक आपण पुरुष. घरी नेणारे पुडके छोटे आणि त्यातही ती मुलांना वाटून उरलेले खाते. ज्याच्या दुकानातून आपण दोन पाने खातो त्याच्याकडून एक पान घरासाठी बांधून घ्यावे. दुकानदारानेही ‘घरासाठी पार्सल’ अशी वेगळी पाटी लावून पाहावी. पुण्यही मिळेल, विक्रीही होईल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

मालाची तारीफ करताना त्याचे धोके लपवणे व्यापाऱ्याला शोभत नाही. पहिली गोष्ट जळक्या भागाची. चरबी निखाऱ्यावर पडून उठणारा धूर आणि मांसावर धरणारी काळी साल यांत घातक द्रव्ये तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवून, धुरावून किंवा औषधे घालून टिकवलेल्या मांसाला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले आणि लाल मांसाला संभाव्य कारणांच्या गटात घातले. म्हैस, बकरा, मेंढी सारे लाल मांसातच येतात. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड ही संस्था आठवड्याला शिजवलेले लाल मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगते. म्हणजे आठवड्यातून तीनेक वेळा एक-एक पान. कारागिराच्या हातात असलेले उपाय असे : ज्वाळेवर भाजू नये, निखारा पांढरा होऊ द्यावा, सीख सारखी फिरवावी, फार चरबी गळू देऊ नये आणि काळा पडलेला भाग कापून टाकावा. लिंबू, दही, लसूण-आल्याचा मसाला लावून ठेवण्याची आपली जुनी पद्धत येथेही फायद्याचीच ठरते.

दुसरी गोष्ट कच्चेपणाची. अखंड तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, ते आगीने मरतात. खिम्यात बाहेरचे आत मिसळते. म्हणून खिम्याचा कबाब आतपर्यंत, किमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, तापला पाहिजे. लांब काडीचा तापमापक बाजारात मिळतो. तो नसेल तर आत गुलाबीपणा राहू नये एवढे तरी पाहावे. रमजानात दुपारी मळलेला खिमा रात्री उशिरापर्यंत उघड्यावर राहतो. असा माल दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. थोडा थोडा काढून बाकीचा बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. एका रात्रीच्या उलट्या-जुलाबांनी वीस वर्षांचे नाव जाते.

युरिक ॲसिड किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या गिऱ्हाइकाला प्रमाण डॉक्टरच सांगतील. दुकानदाराने सल्ला देऊ नये. मधुमेह्याला एवढे मात्र सांगता येईल की नुसत्या भाजलेल्या बोटीत साखर-पिष्ट जवळजवळ नसते. साखर चढते ती सोबतच्या नान, पाव आणि थंड सरबताने.

पाटीवर काय लिहावे?

अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, मग गाडी का असेना, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. खाद्ययादीवर उष्मांक छापण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना आहे. एका शिगडीच्या दुकानाला नाही. पण सक्ती नसताना खरे लिहिले तर गिऱ्हाईक त्याची कदर करते. फक्त "या कबाबाने अमुक रोग बरा होतो" असे लिहू नये. खाण्याच्या पदार्थाबद्दल तसा दावा कायद्याला मान्य नाही.

आमच्या मते पाटी अशी असावी : "म्हशीचे मांस. बोटी : राणेची, चरबी काढलेली. सीख-कबाब : चरबी मिसळलेली. तयार वजन इतके ग्रॅम." एवढ्या चार ओळींत गिऱ्हाइकाला कुठल्या जनावराचे, कुठला तुकडा, त्यात काय घातले आणि किती, हे सारे कळते. प्रथिनांचा आकडा द्यायचाच असेल तर "चरबी काढलेल्या, भाजलेल्या म्हशीच्या मांसात शंभर ग्रॅमला सुमारे २७ ग्रॅम" असा पूर्ण द्यावा आणि तो सीख-कबाबाला चिकटवू नये.

परवा पुन्हा भेंडी बाजारात गेलो. चाचांच्या भिंतीवरचे इंग्रजी कात्रण निघाले होते. तिथे भिंतीचा रंग थोडा उजळ दिसत होता. खाली खडूने लिहिलेली फळी होती आणि तिच्याशेजारी तराजू. तो शिवणकाम करणारा तरुण बोटीचे पान घेऊन उभा होता. चाचा त्याला म्हणत होते, "लिंबू पिळ. आणि आणखी एक बांधून देतो, घरी घेऊन जा."